नर्सबाईंचं घर कसं वाचलं

बिल्डरचा माणूस लेझरचं मोजयंत्र घेऊन जिना चढून वर आला, तेव्हा शर्मिला रणपिसे गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्याने समोरच्या भिंतीवर लाल ठिपका टाकला, आकडा बघितला, मग विटांवर बोटाने टकटक करून म्हणाला, "मावशी, भिंती अजून ठणठणीत आहेत हो. पाडायला जड जाणार."

शर्मिलाच्या हातातली चादर हातातच राहिली. घर पाडायचं चाललंय हे तिला ठाऊक होतं. मालक श्रीनिवास कर्वेनगरहून दोनदा येऊन बोलून गेले होते. पण त्याच भिंतीच्या आत उभं राहून तो शब्द ऐकणं वेगळं होतं. तिने चादर दोरीवर टाकली आणि त्या माणसाला पाणी विचारलं. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

मंडईच्या मागच्या गल्लीतलं ते घर. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पक्क्या विटांचं बांधकाम, रस्त्याच्या अंगाला ओतीव लोखंडाच्या कठड्याची गॅलरी. श्रीनिवासांच्या पणजोबांनी लाकडाच्या व्यापारात हातात पैसा खेळू लागल्यावर हौसेने बांधलेलं. पण त्यांच्या नावाने ते कधी ओळखलं गेलं नाही. गल्लीत कोणालाही विचारा, ते नर्सबाईंचं घर.

नर्सबाई म्हणजे कौशल्याबाई. जन्माने महार, मिशनच्या दवाखान्यात रीतसर शिकून नर्स झालेल्या. कोणी सुईण म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. अडतीस-एकोणचाळीस सालची गोष्ट असेल. त्या लाकडाच्या व्यापाऱ्याची सून बाळंतपणात अडली, घरच्यांनी आशा सोडली, आणि कोणीतरी धीर करून कौशल्याबाईंना बोलावलं. आई आणि मूल दोन्ही वाचलं. बाईंना तेव्हा पेठेत जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. व्यापाऱ्याने आपल्या घराचा वरचा मजला त्यांना भाड्याने दिला. त्यावरून त्याच्या घरच्या पंगतीला नातेवाईक कित्येक वर्षं फिरकले नाहीत, पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

वरच्या मजल्यावर दोन खाटांचं सूतिकागृह उभं राहिलं. पेठेतल्या निम्म्या घरांतली बाळंतपणं तिथे झाली. शर्मिलाची आई हिरा ही कौशल्याबाईंच्या दूरच्या नात्यातली पोरकी मुलगी. ती लहानपणीच त्यांच्याकडे आली आणि पाणी तापवता तापवता त्यांच्या हाताखाली तयार झाली. ती शर्मिलाला सांगायची, "कळा सुरू असताना कुणी बाई जात विचारायची नाही. बाळ हातात आलं की मग आठवायची. घरी गेल्यावर त्या बायका डोक्यावरून पाणी घ्यायच्या. बाईंना ते माहीत असायचं. तरी पुढच्या खेपेला त्याच बाईला दार उघडायच्या."

छप्पन्न सालच्या दसऱ्याला कौशल्याबाई दीक्षा घ्यायला नागपूरला गेल्या. हिरालाही जायचं होतं, पण एका बाईचे दिवस भरले होते. कोणीतरी मागे राहायला हवं होतं, म्हणून हिरा राहिली. त्या दिवशी तिने एकटीने पहिलं बाळंतपण केलं. नागपूरला जाता आलं नाही ही खंत तिला शेवटपर्यंत होती आणि त्या बाळंतपणाचा अभिमानही. पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतून दोघी-तिघी गरोदर बायकांना लोकांनी खांद्यावर घालून इथे आणलं होतं, त्याही गोष्टी ती सांगायची.

शर्मिलाचा जन्मही त्याच घरातला, मागच्या खोलीतला. कौशल्याबाई गेल्या, सूतिकागृह बंद झालं, खाटा माळ्यावर गेल्या. हिरा भाडेकरू म्हणून तिथेच राहिली. शर्मिला शिकली, टपाल खात्यात लागली, काउंटरवर उभं आयुष्य काढलं. लग्न झाल्यावर नवरा समाधान खडकीच्या दोन खोल्यांतली गर्दी सोडून इकडेच राहायला आला. तो कारखान्यात फिटर होता. "मी घरजावई नाही, मी भाडेकरूजावई," असं तो लोकांना सांगायचा. मुलगी चैताली मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन बंगळूरला गेली. हिरा गेली तीही त्याच मागच्या खोलीत.

खालच्या गाळ्यात बद्रीनाथ ठोंबरे वजनकाटे दुरुस्त करायचा. वाशीमकडून कोवळ्या वयात पुण्याला आला, गाळ्यातल्या जुन्या कारागिराकडे काम शिकला, आणि तो कारागीर थकल्यावर गाळा त्याच्याकडे आला. मंडईतल्या बटाटेवाल्यांचे, सुक्या मसाल्याच्या दुकानदारांचे, फुलवाल्यांचे काटे त्याच्याकडे यायचे. पारड्यांचे काटे गेले, इलेक्ट्रॉनिक आले, तेही त्याने शिकून घेतले. दरवर्षी काट्यांची सरकारी तपासणी असे, त्याआधी गाळ्यासमोर रांग लागायची. मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको वेणू राहायचे. दोन्ही घरांत ताटांची देवाणघेवाण होती. हिरा आजारी असताना वेणूने तिला आईसारखं उचललं होतं.

मोजणी झाल्यानंतरच्या रविवारी श्रीनिवासांनी दोन्ही घरांना गाळ्यातच बोलावलं. साठीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी प्लॅन स्टुलावर पसरला. सहा मजल्यांची इमारत, दोन्ही भाडेकरूंना त्याच जागेवर मालकीचे फ्लॅट, बद्रीनाथला रस्त्याच्या अंगाला गाळा.

"लिफ्ट असेल?" वेणूने विचारलं.

"असेल. आणि संडास घरात."

वेणू हसली. तिचे गुडघे दुखायचे, आणि पावसाळ्यात चौकातल्या संडासापर्यंत छत्री घेऊन जाणं तिला नकोसं झालं होतं. बद्रीनाथ प्लॅनवर वाकून आपला गाळा शोधत होता. समाधानही वाकून बघत होता, हे शर्मिलाच्या लक्षात आलं.

"श्रीनिवासजी, हे घर ठेवता नाही का येणार?" ती म्हणाली.

"शर्मिलाताई, ठेवायचं म्हणजे कोणी ठेवायचं? गेल्या वर्षी कौलं बदलली, त्याआधी जिना. मुलगा म्हणतो, बाबा, आपण त्या घराचे मालक आहोत की नोकर? मलाही घराबद्दल वाटतं. पण नुसतं वाटून छप्पर गळायचं थांबत नाही."

रात्री जेवताना समाधान म्हणाला, "तू एकदा शांतपणे विचार कर. आपण सत्तरीला टेकणार. हा जिना तुला किती दिवस चढवणार?"

"अहो, इथे आई राबली. बाई राबल्या. आपल्या लोकांची अशी किती घरं उभी आहेत या पेठांमध्ये? वाडे सगळ्यांचे राखतात. हे एक घर आहे, जिथे सगळी पेठ आपल्या दारात यायची."

समाधानला ते खोटं वाटत नव्हतं, आणि लिफ्टही हवी होती.

दोन वर्षांपूर्वी संस्कृती नावाची एक वास्तुरचनाकार मुलगी गॅलरीच्या कठड्याची चित्रं काढायला आली होती. शर्मिलाने तिला चहा दिला होता, आणि चहाबरोबर कौशल्याबाईंची सगळी हकिगत. तिला शर्मिलाने फोन लावला. संस्कृती दुसऱ्याच दिवशी आली, माळ्यावर चढली, लोखंडी खाटा बघितल्या, कौशल्याबाईंची चामड्याची बॅग, तान्ह्या बाळांना तोलायचा पितळी काटा, उकळत्या पाण्यात ठेवायची भांडी. खाली उतरली तेव्हा तिचे हात धुळीने माखलेले होते.

"काकू, हे अमेझिंग आहे. हे घर वारसा यादीत नाहीये, हेच मला पटत नाहीये. आपण ऑब्जेक्शन घेऊ."

मग पुढचे काही महिने शर्मिलाने तेच केलं. महापालिकेत खेटे घातले. पेठेत दारोदार फिरून या घरात जन्मलेली माणसं शोधली. कोणी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, कोणी सोनार, कोणी मंडईतली भाजीवाली. एका वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. तिच्या आयुष्यात इतक्या लोकांनी तिचं इतकं मन लावून कधीच ऐकलं नव्हतं. सुनावणीच्या दिवशी महापालिकेच्या वारसा समितीसमोर ती उभी राहिली आणि हिराच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

बद्रीनाथ त्या काळात तिच्याशी याबद्दल एकदाच बोलला. ती गाळ्यासमोरून चालली होती. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ताई, एक विचारू? हे घर राहिलं तर आमचं काय होणार, हे कोणाला विचारलंत?"

"घर राहिलं तर आपण राहू, बद्रीभाऊ. जसे आहोत तसे. दुरुस्ती मात्र सरकार करेल."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

शर्मिला थबकली. असं कोणी सांगितलेलं नव्हतं. ती ते धरूनच चालली होती. "तसंच असतं," ती म्हणाली.

"बघा बाप्पा," बद्रीनाथ म्हणाला आणि पुन्हा काट्याकडे वळला. "तुम्ही शिकलेल्या. आमच्यासाठी इतिहास-बितिहास नाही. आमच्यासाठी हे शटर आहे."

पाडकामाला स्थगिती मिळाली. बिल्डर कंटाळून दुसरीकडे गेला. श्रीनिवासांनी शर्मिलाशी बोलणं बंद केलं नाही, पण फोनवर त्यांचा आवाज कोरडा झाला. वर्षभराने निर्णय आला. घर महापालिका ताब्यात घेणार, त्याचं जतन करणार, तिथे कौशल्याबाईंचं स्मारक आणि पुण्यातल्या परिचारिकांच्या इतिहासाचं संग्रहालय होणार. मालकाला मोबदल्यात दुसरीकडे बांधकामाचे हक्क मिळाले. संस्कृती पेढे घेऊन आली. पेठेतल्या ओळखीच्या बायकांनी शर्मिलाला ओवाळलं. ती हिराच्या फोटोसमोर बराच वेळ बसली. आईने नागपूरची खंत धरली होती, तिचं काहीतरी देणं आज फिटलं, असं तिला वाटलं.

महिनाभराने महापालिकेचा माणूस आला. जतनाचं काम सुरू करायचं तर घर मोकळं हवं. दोन्ही कुटुंबांना वाघोलीच्या पुनर्वसन इमारतीत सदनिका मिळतील. निवासी वापर कायमचा बंद, व्यावसायिक वापरही बंद.

"काम झाल्यावर परत येता येईल ना?" शर्मिलाने विचारलं.

"परत म्हणजे? बाई, हे संग्रहालय होणार. संग्रहालयात कोणी राहतं का?" तो माणूस काही उद्धट नव्हता. त्याला खरोखर प्रश्न कळला नव्हता.

तो गेल्यावर समाधानने चष्मा काढला आणि पुसला. "अभिनंदन," तो म्हणाला. "इतकं नीट वाचवलंस की आपल्यालाही आत ठेवलं नाही."

बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण मग त्याने उठून स्वतः चहा टाकला. पण शर्मिला चहाला थांबली नाही. ती खाली गेली. गाळा अर्धा बंद होता. वेणू आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून भिंतीकडे बघत होती. बद्रीनाथ जुन्या वजनांवरची धूळ फडक्याने पुसत होता.

"बद्रीभाऊ, मला माहीत नव्हतं."

"नव्हतंच माहीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आम्हाला नव्या इमारतीत गाळा मिळत होता, ताई. वेणूला लिफ्ट मिळत होती. तुम्ही घर वाचवलं. आम्ही घरात नव्हतो का?"

वेणूने तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शर्मिला त्या उंबऱ्यावरून पाणी न पिता परतली.

वाघोलीची इमारत नगर रस्त्यापासून आत होती. रणपिसे चौथ्या मजल्यावर, ठोंबरे दुसऱ्या. लिफ्ट होती, ती महिन्यातले निम्मे दिवस बंद असे. पाणी टँकरचं. समाधानने लवकर जुळवून घेतलं, खालच्या बाकावर बसणारे चार निवृत्त त्याने शोधून काढले. शर्मिलाला झोप लागेना. त्या सदनिकेत काही वाईट नव्हतं. संडास घरात होता, भिंती सरळ होत्या. पण हिरा ज्या खोलीत गेली तिची खिडकी आता उघडी आहे की बंद, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

बद्रीनाथने वाघोलीत रस्त्याकडेला भाड्याचा गाळा घेऊन बघितला. तिथल्या दुकानदारांचे काटे बिघडले की कंपनीची गाडी येई. मंडईतली गिऱ्हाइकं डोक्यावर काटा घेऊन वाघोलीला येणार नव्हती. गाळा बंद झाला. मग तो एका सोसायटीच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागला. शर्मिला बसथांब्याकडे जाताना तो निळ्या शर्टात खुर्चीवर बसलेला दिसे. तो मान हलवी, तीही हलवी. वेणू समोरून आली तर जिन्यात बाजूला होई, पण थांबत नसे.

शर्मिलाने समाधानला एकदा विचारलं, "मी चूक केली का?"

"घर पाडायला नको होतं, हे तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "पण तू त्या घरात कौशल्याबाईंना बघत होतीस, तुझ्या आईला बघत होतीस. बद्रीला बघायचं राहून गेलं. माझंही राहिलं. मी तर नुसता गप्प होतो."

जतनाचं काम दोन वर्षं चाललं. संस्कृती त्यात होती. ती अधूनमधून फोन करून सांगे, चुना कसा भिजवला, कठड्याचा तुटलेला तुकडा कसा ओतून घेतला. शेवटी तिने मुद्द्याचं विचारलं. "काकू, खाटा, बॅग, तो पितळी काटा, तुमच्याकडेच आहे ना सगळं? त्याशिवाय वरचा हॉल रिकामा वाटेल."

सगळं वाघोलीच्या बाल्कनीत प्लास्टिकखाली होतं. शर्मिला म्हणाली, "देईन. पण माझी एक अट आहे. खालचा गाळा बद्रीनाथला द्या. त्याच कामासाठी."

"काकू, कमर्शियल अलाउड नाहीये. मी काय करणार?"

"त्या गाळ्याच्या भाड्यावर माळ्याची दुरुस्ती व्हायची. बाई असल्यापासून खाली दुकान होतं. तुम्ही घर जसं होतं तसं राखता म्हणता, मग तेही तसंच राखा."

संस्कृतीला ते पटलं. तिने समितीत मांडलंही. समितीच्या अध्यक्षांनी शर्मिलाला बोलावून घेतलं, कॉफी दिली, तिच्या आईबद्दल आदराने बोलले आणि म्हणाले, "आपली भावना मी समजू शकतो. पण आज एकाला दिलं तर उद्या प्रत्येक वारसा इमारतीत लोक दुकान मागतील. आपण वस्तू द्या. तिथे आपल्या आईंचं नाव लागेल."

"नाव लागेल ते चांगलंच आहे. वस्तू मात्र गाळा मिळाल्यावर देईन," शर्मिला म्हणाली आणि कॉफी अर्धी टाकून उठली.

तिला वाटलं होतं, हे बद्रीनाथला सांगितलं तर काहीतरी हलकं होईल. संध्याकाळी ती फाटकापाशी थांबली आणि तिने सगळं सांगितलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता, जसा तो सोसायटीतल्या कोणासाठीही उठे.

"माझ्या नावाने अडून बसू नका, ताई," तो म्हणाला.

"पण तुमचा हक्क आहे त्यावर."

"तेव्हाही तुम्ही तुमच्या मनानेच केलं. आताही तुमच्याच मनाने करताय. मला विचारलं का, बद्री, तुला तिथे परत जायचंय का?"

शर्मिलाने त्याच्याकडे बघितलं. "जायचंय का?"

"नाही," तो म्हणाला. "तिथे तिकीट काढून लोक येणार. त्यांच्या पायाशी मी काटे खोलून बसू? मग मीही बघायची वस्तू. कोणी फोटो काढणार. नको." एक गाडी आली, त्याने फाटक उघडलं, नंबर लिहून घेतला, फाटक लावलं. "कौशल्याबाईंच्या वस्तू देऊन टाका. त्या बाईंनी काय वाईट केलंय?"

तिने वस्तू दिल्या. टेम्पोत खाटा चढवताना समाधानने पितळी काटा स्वतःच्या हाताने गोधडीत गुंडाळला.

उद्‌घाटनाला मांडव होता, भाषणं होती. घर देखणं दिसत होतं. विटांचा रंग उजळला होता, कठडा काळाभोर झाला होता, मागच्या खोलीत खाट होती आणि खाटेवर पांढरी चादर. हिराचा फोटो कौशल्याबाईंच्या शेजारी लावला होता, आणि नावाखाली 'सहायक परिचारिका' असं लिहिलं होतं. शर्मिलाचे डोळे भरून आले, ते खरंच आनंदाने आले, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. खालच्या गाळ्यात तिकीट खिडकी झाली होती.

तिलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. ती कौशल्याबाईंबद्दल बोलली, हिराबद्दल बोलली. मग म्हणाली, "खाली बद्रीनाथ ठोंबरे आणि त्यांची पत्नी वेणू तीस वर्षांहून जास्त राहिले. माझी आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं वेणूने केलं. या घरात काय काय झालं त्यात तेही आहे. इथे त्यांचं कुठेच काही नाही. ते याच जागेवर राहिले असते, जर मी त्यांना आधी विचारलं असतं. घर वाचवणाऱ्यांनी आधी आत कोण आहे ते बघावं, एवढंच मला म्हणायचंय."

मग टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी 'हृद्य मनोगत' म्हणून आभार मानले आणि चहा आला. संस्कृती कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. ती नंतर जवळ आली, म्हणाली, "काकू, आय ॲम सॉरी. मीसुद्धा नाही विचारलं." शर्मिलाने तिचा हात थोपटला. त्या पोरीला दोष द्यावा असं तिला वाटलं नाही.

त्यानंतर शर्मिला आठवड्यातून एकदा तिथे जाऊ लागली. कोणी नेमलेलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका यायच्या, नातवाचा हात धरून जिना चढायच्या, मागच्या खोलीच्या दारात थांबून म्हणायच्या, "मी इथली." शर्मिला त्यांना खुर्ची द्यायची. एकीला तिच्या जन्माची गोष्ट आईने सांगितली होती, आणि त्या गोष्टीत हिरा होती. असे दिवस चांगले जायचे. बाकीच्या दिवशी तिला वाटायचं, खोली इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

एका सकाळी ती लवकर पोचली, घर उघडायला वेळ होता, म्हणून भाजी घ्यायला मंडईत शिरली. बटाट्याच्या ओळीत एका गाळ्याच्या कडेला पोतं अंथरून बद्रीनाथ बसला होता. समोर एक उघडलेला काटा, शेजारी आणखी दोन. रखवालदारी सुटली होती की सोडली होती, तिला माहीत नव्हतं. तिला बघून तो दचकला नाही.

"आठवड्यातून दोनदा येतो," तो म्हणाला. "बटाटेवाले बोलावतात. गाळा नाही म्हणून काय झालं."

"बरं केलंत," शर्मिला म्हणाली. पुढचं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. भाषणात काय बोलली ते, वेणूचं नाव घेतलं ते, मागच्या खोलीतली पांढरी चादर.

बद्रीनाथने गाळेवाल्याला हाक मारून एक रिकामं खोकं मागितलं आणि ते आपल्या समोर पालथं घातलं.

"बसा," तो म्हणाला. "पण घराचं काढू नका."

ती बसली. भाजी घ्यायची राहिली. तो काट्याच्या पोटातल्या तारा तपासत होता. एक मसालेवाला येऊन आपला काटा ठेवून गेला, एक बाई किंमत विचारून गेली. शर्मिलाने वेणूच्या गुडघ्यांचं विचारलं. तो म्हणाला, शस्त्रक्रिया करायची म्हणतात, ती घाबरते. शर्मिला म्हणाली, समाधानच्या मित्राच्या बायकोने केली, ती आता चालते. "वेणूला सांगायला येऊ का?"

बद्रीनाथने स्क्रू बसवला, काट्यावर वजन ठेवून आकडा बघितला, वजन काढलं, पुन्हा ठेवलं.

"या," तो म्हणाला. "दार उघडेल की नाही, ते तिचं ती ठरवेल."